तीन चिपचा कॅमेरा : पाहून, ऐकून, मग घ्या



या सदरात आम्ही आजवर शिलाई मशीन, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, घरचा संगणक अशा वस्तूंविषयी लिहिले. या वेळची वस्तू प्रत्येक घराला लागणारी नाही. पण गेल्या काही महिन्यांत तिच्याविषयी तीन पत्रे आली. एका अम्मीने लिहिले आहे, "मुलगा दीड लाखाचा कॅमेरा मागतो. तो म्हणतो, पोट भरेल. आम्हाला तर खेळणे वाटते. काय करावे?" दुसरे पत्र बारावी झालेल्या एका मुलीचे आहे. तिला लग्नांत बायकांच्या बाजूचे चित्रीकरण करायचे आहे. तिसरे पत्र टपालाने आले नाही. आमचा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या अम्मीला घेऊन घरीच आला.

मुलगा एकवीस वर्षांचा. बाप यंत्रमागावर. शाळेत गणितात कच्चा, पण स्नेहसंमेलनात पडद्यामागचे सगळे काम तोच करायचा. तीन वर्षे तो एका लग्नवाल्या व्हिडिओग्राफरच्या हाताखाली दिवा धरत होता. वर्षभरापासून भाड्याने कॅमेरा आणून स्वतःची कामे घेतो. त्याच्या अम्मीकडे भिशीचे पन्नास हजार आणि घरात जपून ठेवलेले तीस हजार होते. त्या म्हणाल्या, "सर, हे तीस हजार त्याच्या बहिणीसाठी होते. तुम्ही कॅमेरा पाहा आणि हो किंवा नाही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर हा ऐकेल."

अशी जबाबदारी अंगावर आली की माणूस वस्तूकडे निराळ्या नजरेने पाहतो. त्या पाहणीत जे कळले तेच आज लिहीत आहोत.

हा कॅमेरा कोणत्या जातीचा?

घरगुती हॅण्डीकॅम आणि टीव्ही वाहिन्यांचा खांद्यावरचा कॅमेरा यांच्या मध्ये एक वर्ग आहे. त्याला अर्धव्यावसायिक म्हणतात. सोनीचा पीडी १७० हा त्यातला आपल्याकडे लग्नसराईत एके काळी पुष्कळ दिसणारा. २००३ साली तो आला. त्याचा थोरला भाऊ पीडी १५० हा २००० सालचा. पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स १०० आणि कॅननचा एक्सएल १ हे याच वर्गातले.

घरगुती कॅमेऱ्यात बहुधा चित्र टिपणारी एकच चिप असते. या वर्गात तीन असत. भिंगातून आलेला प्रकाश लोलकाने लाल, हिरवा आणि निळा असा वेगळा होतो आणि प्रत्येक रंग आपापल्या चिपवर पडतो. म्हणून नवरीच्या लाल जोड्याचा लाल आणि मेंदीचा रंग एकमेकांत कालवले जात नाहीत.

चित्र मिनी डीव्ही कॅसेटवर अंकांच्या रूपात साठते. साध्या डीव्ही पद्धतीत कॅसेट साठ मिनिटे चालते. पीडी १७० मध्ये डीव्हीकॅम ही दुसरीही पद्धत आहे. तीत फीत जास्त वेगाने फिरते, म्हणून तीच कॅसेट चाळीस मिनिटांतच संपते. चित्राचा दर्जा दोन्हींत सारखाच. डीव्हीकॅममध्ये फितीवरची रेघ रुंद पडते, त्यामुळे नोंद अधिक पक्की राहते. निकाह पुन्हा होत नाही, तिथे चाळीस मिनिटांची पद्धत वापरावी. जेवणाच्या पंगतीला साठ मिनिटांची चालेल.

"सर, पण यावर पिक्चर होतो का?" हा त्याचा खरा प्रश्न होता. लग्ने त्याच्या पोटासाठी आहेत. मनात त्याच्या बापाच्या मागावरची एक छोटी फिल्म आहे.

होतो. आमच्यापासून तासाभरावर मालेगाव आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली तिथे 'मालेगाव के शोले' केला. डाकूंना घोडे मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी सायकली दिल्या. तिथल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. दूरचे उदाहरण हवे असेल तर जेम्स लाँगले या अमेरिकन माहितीपटकाराचे घ्या. तो दोन वर्षांहून अधिक काळ इराकमध्ये राहिला आणि डीव्हीएक्स १०० वर 'इराक इन फ्रॅगमेंट्स' हा माहितीपट केला. त्याची सुरुवात बगदादमध्ये गॅरेजात राबणाऱ्या अकरा वर्षांच्या एका मुलापासून होते. २००६ साली सनडान्स महोत्सवात त्याला दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन अशी तीन पारितोषिके मिळाली. छायाचित्रणाचे पारितोषिक या वर्गातल्या कॅमेऱ्याला मिळाले, हे आम्ही त्याला मुद्दाम सांगितले. त्याबरोबर हेही सांगितले की दोन वर्षे तिथे राहिला तो माणूस होता, कॅमेरा नव्हे.

आमची एक चूक

पुढे जाण्याआधी आमची स्वतःची चूक सांगतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही एक छोटा घरगुती कॅमेरा घेतला होता. दुकानात चित्र पाहिले, झूम पाहिला, रंग पाहिले. आवाज ऐकला नाही. मग गावी जाऊन आमच्या दादीअम्मांना बोलते केले. लग्न करून त्या बैलगाडीतून या गावात कशा आल्या, दुष्काळात घर कसे चालवले, चाळीस मिनिटे त्या बोलत होत्या. डोक्यावर पंखा फिरत होता. दादीअम्मांचा आवाज आधीच बारीक, आणि कॅमेऱ्याचा माइक त्याच्या नाकावर, त्यांच्यापासून आठ फुटांवर.

पुढच्या रमजानमध्ये त्या गेल्या. आज ती कॅसेट लावली की त्यांचे हात दिसतात, हसणे दिसते आणि ऐकू येते पंख्याची घरघर. अधूनमधून एखादा शब्द. आमची मुले विचारतात, "दादी काय म्हणतात?" आम्हाला आठवते तेवढे आम्ही सांगतो.

तेव्हापासून कोणताही कॅमेरा पाहायला गेलो की आम्ही आधी हेडफोन लावतो.

पीडी १७० येथे जमेचा आहे. त्याला एक्सएलआर या व्यावसायिक जोडणीची दोन भोके आहेत आणि माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज कॅमेऱ्यातूनच मिळते. सोबत समोरचाच आवाज जास्त घेणारा एक लांबट माइकही येतो. दोन्ही माइकांचा आवाज हाताने वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. काझीसाहेबांजवळ एक माइक आणि मंडपात दुसरा ठेवला तर इजाब-कबूलचे शब्द स्वच्छ येतात. एवढ्या एका कारणासाठीही घरगुती कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे मोजणे योग्य आहे.

जुना कॅमेरा कसा तपासावा?

नवा कॅमेरा ऐंशी हजारांत बसत नव्हता. म्हणून जुना पाहायचे ठरले. जिल्ह्याच्या गावी एका स्टुडिओत एक होता, किंमत पंचाहत्तर हजार. मालक म्हणाले, "फार कमी वापरलाय." बाहेरून खरोखर नव्यासारखा दिसत होता.

आम्ही बरोबर एक कोरी कॅसेट, हेडफोन आणि मुलाने भाड्याने आणलेला दुसरा कॅमेरा नेला होता. तपासणी या क्रमाने केली. वाचकांनी हा क्रम लिहून ठेवावा.

पहिले, मेनूमध्ये जाऊन तासांचा मीटर पाहिला. कॅमेरा किती तास चालू होता, हेडचा ड्रम किती तास फिरला, फीत किती तास चालली हे या कॅमेऱ्यात नोंदलेले असते. स्कूटरच्या मीटरसारखेच समजा. ड्रमचे तास अठराशेच्या वर निघाले. 'कमी वापर' तिथेच संपला.

दुसरे, भिंगावर झाकण ठेवून गेन पूर्ण वाढवला, म्हणजे १८ डेसिबलवर नेला. पडदा काळा, थोडा रवाळ दिसला पाहिजे. पांढरे, लाल किंवा निळे ठिपके एकाच जागी स्थिर दिसले तर चिपमधले बिंदू खराब आहेत. हा कॅमेरा या परीक्षेत पास झाला.

तिसरे, झूम पूर्ण पुढे नेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या बारीक अक्षरांवर हाताने फोकस केला आणि मग झूम मागे आणला. अक्षरे धूसर झाली तर भिंगाची आतली बसवणूक हललेली असते. बहुधा कॅमेरा पडलेला असतो. भिंगातून बॅटरीचा प्रकाश तिरका टाकून जाळीसारखी बुरशी आहे का तेही पाहावे. कोकणातल्या वाचकांनी तर हे विसरूच नये.

चौथे, कोऱ्या कॅसेटवर पाच मिनिटे चित्रीकरण करून तिथेच चालवून पाहिले. चित्रात चौकोनी ठिकऱ्या उडत होत्या. मालक म्हणाले, "हेड साफ केले की जाईल." साफ करणारी कॅसेट सांगितलेल्या काही सेकंदांपुरती चालवली. ठिकऱ्या कमी झाल्या, गेल्या नाहीत.

पाचवे, तीच कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात लावली. ही परीक्षा बहुतेक लोक करत नाहीत. फितीचा मार्ग सरकलेला असेल तर कॅमेरा स्वतःची कॅसेट स्वतः नीट वाचतो, पण दुसऱ्याला ती वाचता येत नाही. उद्या कॅमेरा बिघडला तर त्यावर केलेली सगळी लग्ने अडकतात. आमची कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात जागोजागी तुटत होती.

सहावे, दोन्ही भोकांत माइक लावून हेडफोनने ऐकायचे, वायर हलवून पाहायची. सातवे, संगणकाला जोडणारे फायरवायरचे छिद्र तपासायचे. ते नाजूक असते. दोन्ही यंत्रे बंद ठेवून वायर जोडावी, नाही तर ते जळू शकते आणि कॅमेरा बाहेरून धडधाकट दिसतो. ते छिद्र मेले तर चित्र संगणकात जसेच्या तसे उतरवायचा रस्ता बंद.

या दोन परीक्षांची वेळच आली नाही. मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. त्याला तो कॅमेरा हवाच होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, हेड बदलून घेऊ ना." आम्ही म्हटले, "बेटा, हेड बदलता येते. पण ज्याने मीटर समोर असताना 'कमी वापरला' म्हटले, त्याचे बाकीचे शब्द कोणत्या मीटरवर तपासणार?" परतीच्या बसमध्ये तो आमच्याशी बोलला नाही.

गुण आणि उणिवा

दरम्यान या कॅमेऱ्याचा नीट ताळेबंद मांडू.

मोठा गुण म्हणजे अंधारात दिसणे. कंपनी त्याची क्षमता एक लक्स सांगते. लक्सचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवू नयेत. पण रात्रीच्या वरातीत, वीज गेल्यावर पेट्रोमॅक्सच्या उजेडात हा कॅमेरा चित्र देतो हे आम्ही स्वतः पाहिले. उलट कडक उन्हासाठी आत दोन काळे फिल्टर आहेत, एक प्रकाश चौपट कमी करणारा आणि दुसरा बत्तीस पट. दुपारी पांढरे कुडते घातलेली मंडळी चित्रित करायची तर ते लागतातच.

उणिवा तीन. पहिली, झूम बारा पट असला तरी रुंदी कमी आहे. छोट्या खोलीत भिंतीला पाठ लावूनही सगळे कुटुंब चौकटीत मावत नाही. त्यासाठी भिंगावर चढवायचे रुंदीचे भिंग लागते. जुना कॅमेरा घेताना ते सोबत आहे का हे विचारावे. डीव्हीएक्स १०० चे भिंग मुळातच जास्त रुंद आहे.

दुसरी, त्याच्या चिप चार बाय तीन आकाराच्या आहेत. सोळा बाय नऊची रुंद चौकट निवडली तर तो वरचा-खालचा भाग कापून चित्र ताणतो आणि बारकावा कमी होतो.

तिसरी उणीव सिनेमा करू पाहणाऱ्यांसाठी. हा कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे घेतो, टीव्हीला लागतात तशी. डीव्हीएक्स १०० च्या आपल्याकडच्या प्रकारात सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रे घेण्याची सोय आहे. त्यामुळे हालचाल सिनेमासारखी दिसते. ज्याला फक्त फिल्मच करायची आहे त्याने डीव्हीएक्स पाहावा. ज्याला आधी रात्रीची लग्ने करायची आहेत त्याने पीडी १७०.

आता त्या वेळी नव्या असलेल्या एचडीव्ही कॅमेऱ्यांविषयी. सोनीचा झेड १ त्याच मिनी डीव्ही कॅसेटवर १४४० बाय १०८० बिंदूंचे चित्र घेतो. साध्या डीव्हीचे चित्र ७२० बाय ५७६ असते. फरक मोठा आहे. पण त्याला उजेड जास्त लागतो. शिवाय त्याची चित्रे गटागटाने आवळलेली असतात, म्हणून फितीवर एक छोटा डाग पडला तरी जवळपास अर्ध्या सेकंदाचे चित्र जाऊ शकते. आणि तेव्हा आमच्या तालुक्यात गिऱ्हाईक शेवटी डीव्हीडी मागत असे. डीव्हीडीचे चित्रही ७२० बाय ५७६ च असते. पुढे मोठे टीव्ही घरोघरी आले आणि हा हिशेब बदलला. म्हणून तेव्हा जुना कॅमेरा घेणाऱ्याने तो दोन-तीन वर्षांत फिटेल अशाच किमतीला घेणे योग्य होते.

वहीतला हिशेब

त्याच्या अम्मीला आम्ही लक्स आणि चिप सांगितले नाही. वही उघडली. मुलगा कॅमेऱ्याचे दिवसाला आठशे रुपये भाडे देत होता. गेल्या वर्षी त्याने साठ दिवस भाडे भरले होते. दिवस वहीत लिहिलेले होते, म्हणून आमचा त्यावर भरवसा बसला. कॅमेरा अडुसष्ट हजारांना मिळाला तर ते पंच्याऐंशी दिवसांचे भाडे. म्हणजे याच गतीने सुमारे दीड वर्षात कॅमेऱ्याची किंमत फिटते. ज्याची कामे वर्षाला पंधरा-वीस दिवसांचीच आहेत त्याने विकत घेऊ नये, भाड्यानेच आणावा. त्यात कमीपणा नाही.

सगळे पैसे कॅमेऱ्यातच घालू नयेत. बरा ट्रायपॉड, हेडफोन, एक जादा बॅटरी, संगणकासाठी फायरवायर कार्ड आणि कॅसेटी यांसाठी त्या वेळी दहा-बारा हजार बाजूला ठेवावे लागत. एक तासाचे चित्रीकरण संगणकात सुमारे तेरा जीबी जागा घेते. ऐंशी जीबीच्या डिस्कवर जेमतेम पाच-सहा तास मावतात. आणि तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, घाई चालत नाही. कॅसेटी शक्यतो एकाच कंपनीच्या वापराव्यात आणि पुन्हा पुन्हा पुसून भरू नयेत.

अमानत

बारावी झालेल्या त्या मुलीला आमचे उत्तर असे : हे काम जरूर शिका. बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला नको, हे आपल्याकडची कितीतरी घरे म्हणतात, आणि मग तो भाग चित्रित होतच नाही. स्त्री व्हिडिओग्राफरला तिथे मानाने बोलावतात. कॅमेरा दीड किलोच्या आसपास आहे. तीन तास हातात धरला तर मनगट बोलते, म्हणून एक पायाचा स्टँड घ्या. चित्रीकरणाआधी घरच्यांना विचारा, ज्यांना नको त्यांना चौकटीबाहेर ठेवा. आणि मूळ कॅसेट कोणाकडे राहणार हे आधीच ठरवून कागदावर लिहा. ती कॅसेट दुसऱ्याच्या घरातली अमानत आहे. नमुना म्हणून इतर गिऱ्हाइकांना ती दाखवायची नसते.

शेवटी काय झाले?

दोन महिन्यांनी दुसरा कॅमेरा कळला. एक वयस्कर छायाचित्रकार धंदा बंद करून मुलाकडे जाणार होते. आम्ही बॅग उघडण्याआधीच ते म्हणाले, "छोट्या पडद्याचा बिजागर सैल आहे, तो धरून ठेवावा लागतो. भिंगाला कडेला एक ओरखडा आहे, चित्रात येत नाही, पण सूर्य समोर असला की झळ दिसते. हेड गेल्या वर्षी बदलले, ही पावती." मीटर पाहिला, ठिपके पाहिले, कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात चालवली, माइक ऐकले. त्यांनी सांगितले त्याहून एकही ऐब जास्त निघाला नाही. मालाचा ऐब सांगून माल विकावा हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. त्या दिवशी आमच्या शागिर्दाने ते होताना पाहिले. त्याने अडुसष्ट हजारांवर घासाघीस केली नाही, आम्हीही केली नाही. रुंदीचे भिंग त्यांनी त्यातच दिले.

त्याच्या अम्मींनी पैसे मोजले तेव्हा बारा हजार उरले. ते त्यांनी मुलाच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "बहिणीचे तीस हजार तू आधी परत करायचेस. फिल्म नंतर." तो हो म्हणाला. तारीख त्याने वहीत लिहिली.

गेल्या आठवड्यात तो एक कॅसेट घेऊन आला. बाप मागासमोर उभा आहे, तुटलेला धागा जोडतो आहे. चित्र थोडे हलते, उजेड खिडकीकडून जास्त आहे. मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याचे ऐकू येऊ नये. पण त्याने एक माइक बापाच्या कॉलरपाशी लावला होता. खडखडाटाच्या वर बापाचा आवाज स्पष्ट येतो. तो मुलाला सांगतो आहे, "कॅमेरा बाजूला ठेव, आधी जेवून घे."

आम्ही हेडफोन काढून त्याच्या अम्मींना दिला.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, घरच्या जुन्या कॅसेटी आणि फोटो बुरशीपासून कसे जपावेत ते पाहू. आपले अनुभव जरूर लिहून कळवा.